चुली मोजणारी बाई, पावलं मोजणारी बाई



१९२२ सालची मुंबई. गिरणीत काम करणाऱ्या बायकांचे बाळंतपणाच्या काळात काय हाल होतात, याची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एका स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांचं नाव डॉ. बार्न्स. गिरण्या पाहून झाल्यावर त्या बायका राहतात कुठे हे पाहायला चाळींतही गेल्या. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांना एक खोली दिसली. १५ फूट लांब, १२ फूट रुंद. आज आपल्याकडे बरा म्हणावा असा हॉल असतो, साधारण तेवढी. त्या खोलीत सहा कुटुंबं राहत होती.

आता प्रश्न असा, की सहा कुटुंबं आहेत हे डॉक्टरांना कळलं कसं? त्यांनी जमिनीवरच्या चुली मोजल्या. चुली सहा होत्या. मग त्यांनी विचारलं, की माणसं किती? लहानमोठी मिळून ३०. मग त्यांनी वर पाहिलं. छताला बांबू टांगलेले होते. रात्री त्या बांबूंवर कपडे आणि गोणपाट टाकून प्रत्येक कुटुंब आपापली जागा आडोशाला घेत असे. त्या सहा घरच्या सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. हा मजकूर सप्टेंबर १९२२ च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला आणि पुढे मुंबईच्या कामगारांवर लिहिणाऱ्या अनेकांनी त्याचा आधार घेतला.

आजचा आपला विषय आहे घराच्या आतली रचना. इंटिरियर म्हटलं की आपल्याला रंग, फॉल्स सीलिंग आणि किचन ट्रॉल्या आठवतात. पण या कामाची पहिली पायरी यातली कुठलीच नाही. कागदावर पहिली रेघ मारण्याआधी तिथे राहणाऱ्या माणसांविषयी काय काय माहीत करून घ्यायचं, ही ती पहिली पायरी. डॉ. बार्न्स काही घरं बांधायला आल्या नव्हत्या. पण पाहणं, मोजणं, विचारणं आणि पुन्हा पाहणं ही या कामाची रीत त्यांच्या चार ओळींत सापडते. चौकोनी फूट मोजून त्या थांबल्या असत्या, तर हाती लागली असती १८० चौरस फुटांची एक खोली. चुली मोजल्या, म्हणून सहा संसार दिसले.

म्हणजे काय मोजायचं, यावर काय दिसणार हे ठरतं. आणि जे दिसतं, त्यासाठीच घर बांधलं जातं. आजच्या भागात मला हीच गोष्ट सांगायची आहे. त्यासाठी आधी आपल्याला थोडं लांब, युरोपात जावं लागेल. कारण घराच्या आतल्या कामाचं मोजमाप करून, त्या मोजमापावर हजारो घरं उभी करण्याचा मोठा प्रयोग तिथे झाला, आणि तोही याच दशकात.

आधी पाहून ये

मार्गारेटे लिहोत्स्की यांचा जन्म १८९७ चा, व्हिएन्नाचा. मुलींनी वास्तुकला शिकायची पद्धत नसलेल्या काळात त्या तिथल्या कलाशाळेत वास्तुकला शिकत होत्या. १९१७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी कामगारांच्या घरांच्या आराखड्यांची एक स्पर्धा निघाली. पहिलं महायुद्ध चालू होतं, शहरात अन्नाची आणि कोळशाची टंचाई होती. लिहोत्स्कीबाई मध्यमवर्गीय घरातल्या. कामगारांची घरं आतून कधी पाहिलेली नव्हती. त्यांचे शिक्षक ओस्कार स्ट्रनाड यांनी त्यांना सांगितलं, की एकही रेघ मारण्याआधी कामगारवस्तीत जा आणि माणसं खरोखर कशी राहतात ते बघून ये.

त्या गेल्या. त्या काळच्या व्हिएन्नाची कामगारवस्ती मुंबईच्या चाळीच्या बरीच जवळची होती. मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून पॅसेजमध्ये एकच नळ. संडास सामाईक. भाडं परवडत नाही म्हणून घरात पोटभाडेकरू, आणि काही ठिकाणी तर नुसती खाट भाड्याने. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार, दिवसपाळीचा रात्री. मुंबईतल्या गिरणीवाल्यांनाही हे वेगळं समजावून सांगायची गरज पडली नसती.

या सगळ्यात लिहोत्स्कीबाईंना दिसलं ते स्वयंपाकघर. खरं तर ते नुसतं स्वयंपाकघर नव्हतंच. चूल पेटलेली तीच एक उबदार खोली. तिथेच शिजवायचं, तिथेच जेवायचं, तिथेच धुणं, मुलांच्या आंघोळी आणि रात्री अंथरुणंही तिथेच. १९१७ च्या त्या स्पर्धेत त्यांनी अशाच, राहायच्या आणि रांधायच्या एकत्र खोलीचा आराखडा काढला, आणि त्याला बक्षीसही मिळालं. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे त्याच बाईंच्या हातून नेमकी उलट गोष्ट घडली.

पावलांचा हिशोब

दरम्यान अमेरिकेत एक वेगळीच हवा होती. फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनियरने कारखान्यातल्या कामाचे तुकडे पाडून, प्रत्येक हालचालीला किती सेकंद लागतात हे घड्याळ लावून मोजायची पद्धत रूढ केली होती. हीच पद्धत घरात आणली क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी. १९१२ मध्ये त्यांनी एका लोकप्रिय महिला मासिकात लेखमाला लिहिली आणि पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक झालं. त्यांचं म्हणणं असं होतं, की घरात मोलकरीण मिळेनाशी झाली आहे, सगळं काम बाईच्या अंगावर आलं आहे, तर मग ते काम कारखान्यातल्यासारखं शास्त्रशुद्ध का नको? कपाटापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून टेबलापर्यंत, टेबलापासून पुन्हा कपाटापर्यंत बाई कशी फिरते, याच्या रेघा त्यांनी नकाशावर काढून दाखवल्या. एका नकाशात रेघांचं जाळं आणि दुसऱ्यात एक सरळ, सुटसुटीत वाट. चित्र इतकं बोलकं होतं, की कुणालाही पटावं.

पण एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. याच फ्रेडरिकबाईंनी १९२९ मध्ये आणखी एक पुस्तक लिहिलं. गृहिणीला वस्तू कशा विकायच्या, हा त्याचा विषय होता. गृहिणीच्या गरजांची माहिती तिच्या सोयीसाठी वापरता येते, तशीच तिला गिऱ्हाईक करण्यासाठीही. आज मॉड्युलर किचनच्या दुकानात आपल्याला जी प्रश्नावली भरायला देतात, ती यातल्या कुठल्या बाजूची असते, हे एकदा नीट वाचून पाहा.

फ्रेडरिकबाईंचं पुस्तक जर्मनमध्ये गेलं आणि व्हिएन्नात लिहोत्स्कीबाईंच्या हाती पडलं. त्या वेळी त्या युद्धानंतरच्या घरबांधणी चळवळीत काम करत होत्या. पावलं मोजता येतात, आणि पावलं वाचली तर बाईचा वेळ वाचतो, हा विचार त्यांच्या मनात पक्का बसला.

साडेसहा चौरस मीटर

जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात घरांची भीषण टंचाई होती. १९२५ पासून एर्न्स्ट माय हे वास्तुरचनाकार तिथल्या नगरपालिकेच्या बांधकामाचे प्रमुख झाले आणि पाच वर्षांत १० हजारांहून जास्त घरं उभी राहिली. १९२६ च्या सुरुवातीला माय यांनी लिहोत्स्कीबाईंना बोलावून घेतलं. पैसा कमी, जागा कमी, घरं मात्र खूप हवीत. अशा वेळी स्वयंपाकघर किती लहान करता येईल?

बाईंनी कामांचे वेळ मोजले, हालचालींच्या वाटा काढल्या आणि एक नमुना डोळ्यांपुढे ठेवला, तो म्हणजे आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर. एवढ्याशा जागेत दोन माणसं डझनावारी प्रवाशांचं जेवण करतात. का जमतं? तर हात लांब केला की वस्तू सापडते म्हणून.

त्यातून जे घडलं ते ‘फ्रँकफुर्ट किचन’ या नावाने प्रसिद्ध आहे. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. खिडकीखाली कामाचा ओटा, आणि त्यापुढे बसून काम करण्यासाठी गोल फिरणारं स्टूल. ओट्यातच भाजीची सालं सारून टाकायला खाच आणि खाली कचऱ्याचा खण. छताला रुळावर सरकणारा दिवा. भिंतीला दुमडून ठेवायचं इस्त्रीचं टेबल. धुतलेली भांडी निथळायला फळी. डाळ, तांदूळ, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे धारेचे डबे, खणासारखे ओढून काढायचे. पिठासाठी मात्र ओकच्या लाकडाचा खण, कारण त्या लाकडाने किडे लागत नाहीत. रंग निळसर, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असा समज होता. आणि जेवणाच्या खोलीकडे सरकतं दार, म्हणजे काम करता करता आईचं पोरांवर लक्ष राहील.

कचऱ्यापासून पिठातल्या किड्यांपर्यंत इतका बारकाईने विचार सरकारी घरांच्या स्वयंपाकघरासाठी त्याआधी क्वचितच झाला असेल. त्यामागे हेतूही मोठा होता. बाईने दिवसभर चुलीपाशी राबू नये, तिला नोकरी करता यावी, वाचता यावं, चार घटका मोकळं बसता यावं. असे सुमारे १० हजार ओटे फ्रँकफुर्टमध्ये बसले, आणि आज जगभर शहरी घरांत जे बांधीव, एका ओळीतलं स्वयंपाकघर दिसतं, त्याच्या मुळाशी ही खोली आहे.

लोक राहायला आल्यावर

आता माणसं राहायला आली. आणि कुरबुरी सुरू झाल्या.

पहिली अडचण अशी, की खोलीत एकच माणूस काम करू शके. दुसरं कुणी मदतीला आलं की कोपराला कोपर लागायचं. पिढ्यान् पिढ्या स्वयंपाकघरात बसून जेवलेल्या लोकांना तिथे जेवता येईना. खाण्याचे डबे मुलांच्या हाताच्या उंचीवर आले होते. मुलांना दुसरं काय हवं? डब्यांवर नावं आधीच कोरलेली, पण प्रत्येक घराचा किराणा काही सारखा नसतो. रोमरश्टाट नावाच्या वसाहतीत सगळं विजेवर चालणारं होतं, तिथे वीजबिलावरून लोक वैतागले.

पुढे १९७० नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी आणखी खोलवरचा प्रश्न विचारला. एकाच माणसापुरती खोली बांधली, की त्या खोलीतलं काम एकाच माणसाचं होऊन बसतं. आणि तो माणूस कोण, हे सांगायला नकोच. जुन्या खोलीत आई भाजी चिरायची तेव्हा बाप तिथेच बसलेला असायचा, पोरं अभ्यास करायची, शेजारीण टेकायची. नव्या खोलीत आई एकटी. पावलं वाचली, पण सोबत गेली.

असं का झालं? लिहोत्स्कीबाई हुशार होत्या, प्रामाणिक होत्या, आणि गरिबांची घरं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पण त्यांनीच पुढे सांगितलं आहे, की फ्रँकफुर्ट किचन आखण्याआधी त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता, घर चालवलेलं नव्हतं. तरी केवळ तेवढं कारण पुरत नाही. मुख्य कारण हत्यारात होतं. हातात घड्याळ असलं की वेळ मोजला जातो. नकाशावर रेघा काढल्या की पावलं मोजली जातात. सोबत मोजायला कुठलंच यंत्र नव्हतं, म्हणून ती हिशोबात आली नाही. १९१७ मध्ये डोळ्यांनी पाहिलेलं १९२६ मध्ये घड्याळाने झाकून टाकलं, असंही म्हणता येईल.

बाईंच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जुन्या खोलीत धूर होता, ओल होती, तान्ह्या मुलांशेजारी उकळतं पाणी होतं. ती खोली तशीच ठेवा, असं कुणी सुचवलं तर त्यात राहणाऱ्या बाईनेच त्याला हाकललं असतं. आणि लिहोत्स्कीबाईंचं आयुष्य स्वयंपाकघरापुरतं नव्हतंच. त्यांनी बालवाड्या बांधल्या, सोव्हिएत रशियात काम केलं, आणि नाझी राजवटीविरुद्धच्या लढ्यासाठी व्हिएन्नात परतल्यावर १९४१ मध्ये पकडल्या जाऊन युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिल्या. २००० साली, वयाची १०३ वर्षं पुरी व्हायला पाच दिवस असताना त्या गेल्या. उतारवयात त्या वैतागून म्हणत, की लोक फक्त त्या स्वयंपाकघराबद्दलच बोलणार हे माहीत असतं, तर ते मी केलंच नसतं.

दोरा आणि टाचण्या

याच सुमारास अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाची मानसशास्त्र शिकलेली बाई हेच काम करत होती. १२ मुलांची आई. १९२४ मध्ये नवरा वारला आणि कारखान्यांना सल्ला देण्याचा दोघांचा धंदा एकटीवर पडला. एकट्या बाईकडे कारखानदार फिरकेनात, तेव्हा तिने स्वयंपाकघर हे क्षेत्र निवडलं. तिलाही स्वयंपाकाची फारशी सवय नव्हती, आणि तिचं १९२९ चं प्रसिद्ध स्वयंपाकघर एका गॅस कंपनीसाठी केलेलं होतं. एका चाचणीत स्ट्रॉबेरीचा केक करायला जुन्या मांडणीत २८१ पावलं लागत, नव्या मांडणीत ४५.

मग हिच्यात आणि बाकीच्यांत फरक काय? गिलब्रेथबाईंचा भर एका ठरावीक नमुन्यावर नव्हता. ओट्याची उंची प्रत्येक बाईच्या उंचीप्रमाणे ठरवा, असं त्या सांगत. आपल्या घराचा नकाशा घ्या, टाचण्या आणि दोरा घ्या, आणि स्वतःच स्वतःच्या फेऱ्या मोजा, ही त्यांची रीत. म्हणजे मोजपट्टी त्यांनी राहणाऱ्या माणसाच्या हातात दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी हृदयविकार असलेल्या आणि अपंग झालेल्या गृहिणींसाठी स्वयंपाकघरं आखली. सरासरी बाई डोळ्यांपुढून बाजूला झाली, की एका हाताने काम करणारी बाई दिसते, धाप लागणारी बाई दिसते.

परत मुंबईत: खोल्या मोजल्या

ज्या वर्षांत फ्रँकफुर्टमध्ये ही घरं झाली, जवळपास त्याच वर्षांत आपल्याकडेही सरकारने कामगारांसाठी मोठी घरबांधणी केली होती. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे १ रुपया कर बसवून पैसा उभा केला. संकल्प होता ५० हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात झाल्या १६ हजारांच्या घरात, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथल्या २०७ चाळींत. याच आपल्या बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्याला मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून २० खोल्या, संडास सामाईक. एक खोली साधारण १६० चौरस फूट.

डॉ. बार्न्स यांच्या खोलीपेक्षा ही खोली लहानच होती. पण इथे एका खोलीत एकच कुटुंब धरलं होतं. कागदावर ही मोठी सुधारणा होती. तरीही पहिल्या काही वर्षांत यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. ज्या शहरात सहा चुली एका खोलीत पेटत होत्या, त्याच शहरात खोल्यांना माणसं मिळेनात. भाडं, गिरणीपासूनचं अंतर, आसपास बाजाराची सोय, गावाकडून एकट्या आलेल्या माणसाची खानावळ हे सगळं मिळून मुंबईच्या कामगाराचं घर होत असे. सरकारने मोजल्या होत्या खोल्या. शेवटी १९३० नंतर कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. राहण्यासाठी बांधलेल्या इमारतीत डांबण्यासाठी माणसं आणावी लागली. गरजांचा अंदाज चुकण्याचं याहून बोलकं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पुढे मात्र या चाळी भरल्या आणि माणसांनी त्या आपल्याशा केल्या. मधला पॅसेज हीच खरी बैठकीची खोली झाली. उन्हाळ्यात झोपायला पॅसेज, पोरांना खेळायला पॅसेज, म्हाताऱ्यांना बसायला पॅसेज. आज या चाळींच्या जागी टॉवर होत आहेत आणि १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचं घर मिळत आहे. हे व्हायलाच हवं होतं. घरात स्वतःचा संडास असणं ही साधी गोष्ट नाही. पण १६० आणि ५०० या आकड्यांची तुलना करताना पॅसेज कुणाच्या मोजणीत धरायचा? तो खोलीच्या क्षेत्रफळात कधीच नव्हता.

आपला ओटा

आता आपल्या घरात येऊ. तुम्ही मुंबई-पुण्यात असा, इंदूर-बडोद्यात असा किंवा बंगळूरला नोकरीनिमित्त असा, स्वयंपाकघर बहुधा एकाच साच्याचं असतं. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि रुंदीला किमान १.८ मीटर हवं. फ्रँकफुर्टचं होतं साधारण साडेसहा चौरस मीटर, रुंदी १.९. बिल्डर किमान आकड्याच्या जवळच थांबला, तर आपण शंभर वर्षांपूर्वीच्या त्या टंचाईतल्या खोलीपेक्षाही लहान खोलीत उभे असतो.

आणि ‘उभे’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे स्वयंपाक बसून व्हायचा. चूल जमिनीवर, पाट जमिनीवर, विळी जमिनीवर. गॅस आला, ओटा आला, बाई उभी राहिली. पण विळी बऱ्याच घरांत जमिनीवरच राहिली. मग भाजी चिरायला खाली बस, फोडणीला वर ऊठ, नारळ खवायला पुन्हा खाली बस. क्रिस्टीन फ्रेडरिकबाईंच्या नकाशात पावलं दिसतात, पण ही उठबस दिसत नाही, कारण अमेरिकेत कुणी विळीवर बसत नव्हतं. आपल्या गुडघ्यांचा हिशोब त्या नकाशात नव्हता. तसाच ओट्याच्या उंचीचाही. भारतीय माणसांच्या शरीराची मापं घेऊन डिझायनरच्या हाती देता येईल असा डॉ. देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने प्रसिद्ध केला १९९७ मध्ये. तोवर आपले कितीतरी ओटे परदेशी तक्त्यांवर किंवा गवंड्याच्या अंदाजावर उभे राहिले होते.

खेड्यातल्या स्वयंपाकघराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. १९५३ मध्ये हैदराबादचे एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२ पर्यंत देशभर कोट्यवधी चुली बसवल्या. त्यातल्या पुष्कळशा काही काळात बंद पडल्या किंवा मोडून पूर्वीची चूल मांडली गेली. प्रयोगशाळेत मोजलं होतं, की सरपण किती वाचतं. पण भाकरी निखाऱ्यावर फुगवायची कशी? वैलावर डाळ शिजत ठेवायची कुठे? लग्नकार्याचं मोठं पातेलं बसणार का? धुराड्यातली काजळी काढायला वर चढणार कोण? थंडीत ऊब कशाची घ्यायची? धूर वाईटच, तो बाईच्या आणि पोरांच्या छातीत जातो. म्हणून तर हे प्रश्न आधी विचारायला हवे होते. चांगली गोष्ट वापरात राहिली नाही, तर धूर तसाच राहतो.

रेघ मारण्याआधी

मग या शंभर वर्षांतून घ्यायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, पाहणं. घर दाखवताना लोक आवरून दाखवतात. खरी गरज आवरलेल्या घरात दिसत नाही. सकाळी सात वाजता, नळाला पाणी आलेलं असताना, डबे भरले जात असताना घर पाहावं. पिंप कुठे आहे, ओली भांडी कुठे पालथी पडली आहेत, भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुठे बसतात, आजोबांच्या औषधाचा डबा फ्रिजवर का आहे, हे सगळं तेव्हा दिसतं. इंटिरियरच्या चित्रात मावशींना बसायला जागा क्वचितच असते.

दुसरी, विचारणं, आणि ज्याचं काम त्याला विचारणं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रियांनी त्या दिवशी घरातलं बिनपगारी काम केलेलं होतं, पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी. काम करणाऱ्या स्त्रियांचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे जवळपास पाच तास. आणि किचनचं कोटेशन ठरवताना डिझायनरशी बोलतं कोण, हे तुम्ही आपापल्या घरी आठवून पाहा. सून विचारली तर सासू राहते, सासू विचारली तर स्वयंपाकाच्या बाई राहतात. आणि नुसतं ‘काय हवं?’ असं विचारून भागत नाही. माणूस ट्रॉल्या हव्यात म्हणूनच सांगणार. ‘काल काय काय केलंत?’ असं विचारावं. ‘कंबर कधी दुखते?’ असं विचारावं. ‘स्वयंपाक करताना सोबत कोण असतं, आणि कोण असलेलं आवडेल?’ हेही विचारावं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घड्याळाला कधीच देता आलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी वेळा होते, ती म्हणजे परत जाणं. माणसं राहायला आल्यावर सहा महिन्यांनी जाऊन पाहणं, की काय वापरात आहे, काय बंद पडलं, कुठे लोकांनी स्वतःच खिळा ठोकला, कुठे दोरी बांधली. ती दोरी म्हणजे आपल्या आराखड्यावर राहणाऱ्याने मारलेला लाल शेरा. बीडीडी चाळीतल्या पॅसेजमध्ये टाकलेली खाट हाही तसाच शेरा होता. वाचणारा हवा.

तुमच्या घरी काम निघणार असेल, तर सुताराला बोलावण्याआधी एक आठवडा थांबा. घरातल्या पोराच्या हातात कागद-पेन्सिल द्या. आई, आजी, मावशी, बाबा, जो कोणी स्वयंपाकघरात येईल, तो कशाला आला, खाली किती वेळा बसला, वर किती वेळा उठला, आणि कोणाशी बोलला, एवढंच त्याला लिहू द्या. आठवड्याने तो कागद जेवायच्या वेळी सगळ्यांनी मिळून वाचा. त्यातली काही दुरुस्ती सुताराकडून होईल. काहीसाठी मात्र सुतार लागणार नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उठून विळीपुढे बसावं लागेल.